तबकडींतील स्वर, आहेत तसे

आमच्या डोंगरकड्याच्या घरांत वडील बंधूंच्या कीर्तनाच्या सहा सीडी आहेत. बंधू आतां नाहींत. घरीं भरलेल्या अशा तबकड्यांचा लेप कालांतरानें बिघडतो, आणि हल्लींच्या बहुतेक संगणकांत सीडी लावण्याची सोयही नसते. म्हणून निराळें यंत्र जोडून त्या उतरवून घेण्याचें आम्हीं मनावर घेतलें.

पहिली चूक आमचीच. जागा वांचावी म्हणून एक तबकडी फार आवळून 'एमपी-थ्री' रूपांत उतरविली. त्या रूपांत कानास कळणार नाहींत अशा समजुतीनें ध्वनीचे कांहीं अंश कायमचे गाळले जातात. झांजेचा नाद चिरका झाला, हें धाकट्या सूनबाईंच्या प्रथम ध्यानांत आलें. सुदैवानें मूळ तबकडी टाकली नव्हती.

सीडींत दर सेकंदास ध्वनीचीं ४४,१०० मापें, डाव्या व उजव्या बाजूंचीं निरनिराळीं, नोंदलेलीं असतात. 'फ्लॅक' रूपांत जागा बहुधा निम्म्याच्या आसपास लागते, पण एकही माप गळत नाहीं. उतरवितांना 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' ही प्रणाली सुरक्षित पद्धतीवर ठेविली, तर प्रत्येक भाग निदान दोनदां वाचून ताडून पाहते. न जुळल्यास पुनःपुन्हां वाचते. आमच्या घनपाठ्यांची युक्ति हीच नव्हे काय? तींच पदें उलटसुलट म्हणावयाचीं, म्हणजे चुकलेला स्वर लपत नाहीं.

पांच तबकड्या निर्दोष उतरल्या. सहावीवर ओरखडा आहे. मऊ कापडानें मध्याकडून कडेकडे पुसूनही पूर्वरंगांतील एक ठिकाण जुळत नाहीं. तिची दुसरी प्रत नांदेडच्या ताईंकडे आहे. दिवाळीला त्या घेऊन येणार आहेत.