हाफ इंजिन की फुल?

दुचाकीच्या गॅरेजात इंजिनाच्या कामाची दोन मापं. हेड, ब्लॉक, पिस्टन, रिंगा एवढ्यावर भागलं तर ‘हाफ इंजिन’. केसिंग फोडून क्रँक आणि गिअर टेबलावर आले तर ‘फुल’. हाफला इंजिन चेसीतच राहतं आणि काम लवकर उरकतं. फुलला इंजिन उतरवायचं, क्रँक प्रेसवर पाठवायचा, बेअरिंगं, सील, गास्केट सगळं नवं. गाडी पुढचे बरेच दिवस स्टँडवर. मालकाला हाफ हवं असतं आणि मिस्त्रीला फुल परवडतं, असा सर्वसाधारण समज. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींचं काम मी जवळून बघतो, त्यांच्याकडे मात्र हा वाद पुष्कळदा उलटा चालतो. गाडीवालं पोरगं म्हणतं, “मामा, उघडलंच आहे तर सगळंच करून टाकू.” आणि मिस्त्री म्हणतात, “थांब की लेका. आधी बगू तर.”

या वेळी समोर होती यामाहा आरएक्स १००. १९८५ साली भारतात आलेली, १९९६मध्ये बंद झालेली, ९८ सीसीची टू-स्ट्रोक. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५०. ताकद ११ अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या आसपास. एवढ्या हलक्या अंगाला एवढी ताकद, म्हणून मातीत पळवणारे तिला अजून सोडायला तयार नाहीत. हिचे इंडिकेटर काढलेले, टायर डर्टचे आणि ऑइल पंप बाद करून टू-टी ऑइल थेट पेट्रोलमध्ये मिसळायची पद्धत. विकणाऱ्याने पोराला ‘इंजिन नवं केलंय’ असं सांगितलं होतं. असं सगळेच सांगतात, आणि ते अगदीच खोटं नसतं: पिस्टन नवा असतो.

मिस्त्रींनी पहिल्यांदा प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावला. काटा बरा चढला. त्यावर ते काही बोलले नाहीत, कारण जुनी गाडी विकताना प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं की झिजलेल्या रिंगासुद्धा तात्पुरत्या धरतात, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. मग मॅग्नेटचं कव्हर उघडलं. आत कोरडं हवं होतं. कॉइलच्या खाली काळा ओशट थर होता. म्हणजे क्रँकचं त्या बाजूचं सील हवा खातंय. टू-स्ट्रोकमध्ये हे नुसतं गळतीचं प्रकरण नसतं. सीलमधून हवा आत शिरली की पेट्रोल-ऑइलचं मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि भर फेरीत पिस्टन जाम होतो.

हेड उघडलं. पिस्टनच्या डोक्यावर ०.७५ कोरलेलं होतं. आरएक्सचे पिस्टन पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी मोठे मिळतात. या ब्लॉकने त्यातले बहुतेक टप्पे संपवले होते. आता १.०० चा शेवटचा बोअर, त्यानंतर नवी स्लीव्ह. “एकच चान्स हाय,” मिस्त्री म्हणाले. परदेशी मोटोक्रॉस गाड्यांना एवढीही मुभा नसते. त्यांच्या सिलिंडरला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असतो, तो बोअर करून भागत नाही. आरएक्सची बिडाची स्लीव्ह त्या मानाने उदार.

या कामातला सगळ्यात रंगतदार भाग म्हणजे काढलेला पिस्टन वाचणं. चारही कोपऱ्यांवर उभे चट्टे असतील, तर थंड इंजिन एकदम पिळलंय किंवा बोअर घट्ट झालाय. फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील, तर उष्णता किंवा तेलाची कमतरता. या पिस्टनला कार्बुरेटरच्या बाजूला पुसट राखाडी पट्टा होता, बारीक पॉलिश पेपर मारल्यासारखा. ती धूळ. मिस्त्रींनी उठून एअर फिल्टरपासून कार्बुरेटरपर्यंतचा रबरी पाइप वाकवून बघितला. खालच्या बाजूला चीर होती, उभं राहून दिसणार नाही अशा जागी.

धूळ खाल्लेल्या बोअरला नवा पिस्टन घातला की झालं, असं मलाही वाटलं असतं. पण टू-स्ट्रोकची वाट निराळी आहे. कार्बुरेटरमधून आलेलं मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये जातं, क्रँक आणि कनेक्टिंग रॉडवरून फिरतं, आणि मग ट्रान्सफर पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये चढतं. धूळ वर दिसते तेव्हा तिचा खालचा मुक्काम झालेला असतो. फोर-स्ट्रोकचा क्रँक फिल्टरमधून फिरून आलेल्या ऑइलमध्ये सुखात असतो. टू-स्ट्रोकच्या बिग एंडला, म्हणजे रॉडच्या खालच्या बेअरिंगला, जे काही मिळतं, ते याच हवेबरोबर.

तरी लगेच केस फोडली नाही. क्रँक वरच्या टोकाला आणून रॉड सरळ वर-खाली ओढून बघितला. काहीच खेळ नाही. मग रॉड आडवा हलवला. तो हलला आणि पोरगं दचकलं. “आडवा हलायचाच, त्याला तेवढी जागा ठेवलेली असते,” म्हणत मिस्त्रींनी फिलर गेजची पात घालून दाखवली. रॉड बरा, म्हणजे हाफ इंजिनावर सुटलो, असं पोराच्या चेहऱ्यावर दिसलं. मिस्त्रींनी क्रँककेसमध्ये थोडं पेट्रोल ओतलं, क्रँक सावकाश फिरवला आणि पेट्रोल एका स्वच्छ बशीत परत काढलं. तळाला किरकिरीत गाळ बसला. पुन्हा क्रँक फिरवताना त्यांनी पोराचा हात मॅग्नेटवर ठेवायला लावला. एका जागी बारीक खरखर लागत होती.

“आता फुल,” ते म्हणाले. “नवा पिस्टन घट्ट बसला की खालच्या बेअरिंगवर भार वाढणार. तुझा शेवटचा बोअर असल्या क्रँकवर घालवायचा का?”

मला पटलेला मुद्दा हा. ब्लॉकमध्ये आणखी तीन बोअर शिल्लक असते, तर सील बदलून हाफवर गाडी एक हंगाम पळवणं मी गैर म्हटलं नसतं.

केस फुटल्यावर पुढची सगळी कामं पद्धतशीर. केसिंग तापवून बेअरिंगं आपसूक सुटू द्यायची, ठोकायची नाहीत. क्रँकपिन प्रेसवर काढून नवा रॉड. मग व्ही-ब्लॉकवर क्रँक ठेवून डायल गेज लावायचा आणि तांब्याच्या हातोडीने टिचक्या देत काट्याची थरथर मिलिमीटरच्या काही शतांशांवर आणायची. ही हातोडी बघत राहण्यासारखी असते: दहापैकी नऊ वेळा हात थांबतो, काटा बघतो, आणि मग एकदाच पडतो.

थांबण्याचा खरा प्रश्न गिअरपाशी आला. सेकंड गिअरचे डॉग, म्हणजे अडकवणारे दात, किंचित गोलावले होते. केस उघडी, बाजारात डुप्लिकेट गिअर मिळतो, आणि एव्हाना पोराला सगळंच नवं हवं होतं. शिवाय मित्रांनी आरएक्स १३५चा ब्लॉक चढवायचं डोक्यात घातलेलं, पोर्ट घासून घ्यायचेही. मिस्त्रींनी विचारलं, “सेकंड सुटतोय का चालवताना?” नाही सुटत. “मग ऱ्हाऊ दे. हा कंपनीचा गिअर हाय. जोडीचा दुसरा त्याच्यासंगं घासून बसलाय. एकालाच नवा दिलास तर दोन्ही खाशील.” पोर्टबद्दल तर उत्तरही दिलं नाही.

बोअरिंगवाल्याकडे मात्र ते स्वतः गेले. नवा पिस्टन बरोबर नेला, कारण बोअर त्या पिस्टनवर मोजूनच करायचा, आकड्यावर नाही. दोघांत सुमारे ०.०४ मिलिमीटरची फट. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा धारदार राहतात आणि त्यांत रिंग अडकून तुटते. म्हणून प्रत्येक कड दगडाने मोडून घेतली, बोट फिरवून तपासली. रिंगांची तोंडं पिस्टनवरच्या पिनांवर बसवून ब्लॉक हाताच्या दाबाने खाली सोडला.

जुना चिरलेला पाइप मिस्त्रींनी पोरासमोर कापून टाकला, चिकटपट्टी लावून पुन्हा वापरू नये म्हणून. रविवारी शर्यत होती. पोराने विचारलं, उतरू का? पहिली टाकी रस्त्यावर, टू-टी थोडं जास्त घालून, अर्ध्या थ्रॉटलच्या आत, मध्ये मध्ये थांबवून गार करत. मग हेडचे नट पुन्हा आवळायला गाडी इथे आणायची, असं त्यांनी सांगितलं. रविवारी पोरगं शर्यत बघायला गेलं, मित्राच्या गाडीवर मागे बसून.