शासकीय नकाशा आणि सार्वजनिक अधिक्षेत्र

स्थानिक इतिहासाचे पुस्तक लिहिताना शासकीय नकाशा मुक्तपणे छापता येतो, असा समज आढळतो. अमेरिकेच्या संघीय शासनाने तयार केलेल्या नकाशांबाबत तो त्या देशात खरा आहे, भारतात नाही. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार नकाशा ही 'कलाकृती' होय. कलम २८ प्रमाणे, प्रताधिकार शासनाकडे असल्यास तो प्रथम प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. त्यानंतर कृती सार्वजनिक अधिक्षेत्रात येते. म्हणजे तिच्या वापरासाठी अनुमती लागत नाही.

पडताळणीसाठी नकाशाच्या समासातील मजकूर वाचावा.

(अ) प्रकाशक : खासगी प्रकाशकाच्या नकाशाला हा नियम लागू नाही.

(आ) प्रथम प्रकाशन : सर्वेक्षणाचे किंवा पुनर्मुद्रणाचे वर्ष प्रकाशनवर्ष समजू नये.

(इ) आवृत्ती : सुधारित आवृत्तीतील नव्या भागाची मुदत स्वतंत्रपणे मोजावी.

उदाहरणार्थ, भारतीय सर्वेक्षण विभागाने १९६० साली प्रथम प्रकाशित केलेला नकाशा १ जानेवारी २०२१ रोजी मुक्त होतो. त्याची १९७५ साली सुधारित आवृत्ती निघाली असल्यास तिच्यातील नवा भाग २०३५ अखेरपर्यंत संरक्षित राहतो. प्रथम प्रकाशनाचे वर्ष निश्चित होत नसेल, तर लेखी अनुमती घेणेच इष्ट.

स्वाध्याय : १९६८ साली प्रथम प्रकाशित झालेला शासकीय नकाशा केव्हा मुक्त होईल?
(उत्तर : १ जानेवारी २०२९)