पोहणे, सायकल, धावणे आणि घर

आपल्या महाविद्यालयाच्या जिमखान्याला कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉल यांची परंपरा आहे. ट्रायथलॉन हा शब्द मात्र प्राध्यापक-कक्षात प्रथम उच्चारला गेला, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते औषधाच्या गोळीचे नाव समजून ‘जेवणाआधी की जेवणानंतर?’ असे विचारले होते. गेल्या डिसेंबरात मी ही शर्यत पुरी केल्यापासून मला येणारे प्रश्न साधारण दोन प्रकारचे असतात. हा प्रकार नेमका असतो तरी काय, हा पहिला. दुसरा बहुधा आवाज खाली आणून विचारला जातो : ‘मॅडम, मग घरचे कोण बघते?’ दोन्हींना एकदाच सविस्तर उत्तर द्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ग्रीक भाषेतील ‘अ‍ॅथलॉन’ म्हणजे स्पर्धा; आणि त्यामागचा ‘ट्राय’ हा आपल्या ‘त्रि’चाच सख्खा भाऊ. पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तीन गोष्टी याच क्रमाने, सलग करायच्या. घड्याळ एकदा सुरू झाले की अंतिम रेषेपर्यंत थांबत नाही. बूट चढवायला लागलेली मिनिटेही त्यात मोजली जातात. पोहणे पहिले ठेवण्यात शहाणपण आहे. थकलेल्या माणसाला रस्त्याच्या कडेला बसता येते, पाण्यात बसता येत नाही.

खेळ तसा तरुण आहे. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात, मिशन बे येथे जॅक जॉनस्टोन आणि डॉन शॅनहन या दोघा हौशी धावपटूंनी या नावाची पहिली शर्यत भरवली. ४६ जण उतरले होते. त्यांत जॉन आणि ज्युडी कॉलिन्स हे दांपत्यही होते. पुढे १९७८ साली याच दांपत्याच्या पुढाकाराने हवाई बेटांवर ‘आयर्नमॅन’ सुरू झाली : ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर पूर्ण मॅरेथॉन. पहिल्या वर्षी १५ जण निघाले, १२ जणांनी ती पुरी केली. सन २००० मध्ये सिडनीला ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आली. २०१५ साली मिलिंद सोमण यांनी पन्नाशीत झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली आणि आपल्याकडे घरोघरी हा शब्द पोचला. २०१९ मध्ये गोव्यात तिच्या निम्म्या अंतराची शर्यतही झाली. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात ती या लांब पल्ल्यांची. त्यामुळे ट्रायथलॉन म्हणजे लोखंडी माणसांचेच काम, असा समज पसरला आहे.

मी उतरले ती ‘स्प्रिंट’ ट्रायथलॉन : ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे. माझ्या मते प्रापंचिक माणसाचे अंतर हेच. लांब शर्यतीच्या सरावाला आठवड्याचे दहा-बारा तास तरी हवेत, आणि ते तास आकाशातून पडत नाहीत. ते घरातल्या कोणाच्या तरी वाट्यातून कापून घ्यावे लागतात. स्प्रिंटला चार-साडेचार तास पुरतात.

तेवढे तरी कुठून आणायचे? आमच्या घरी पाच माणसे. यजमान कारखान्यात पाळीने कामाला. पहिली पाळी असली की पहाटे साडेपाचला घराबाहेर. मुलगी दहावीत, मुलगा पाचवीत. आणि सासूबाईंना मधुमेह. सकाळी साडेसातला इन्सुलिन, त्यानंतर ठरल्या वेळी न्याहारी. त्यांचे हात कापतात म्हणून सुई दुसऱ्या कोणी द्यावी लागते. इन्सुलिन घेऊन खाणे लांबले तर साखर झपाट्याने उतरते, घाम सुटतो, भोवळ येते. तेव्हा माझ्या सगळ्या सरावाची अंतिम रेषा म्हणजे आमच्या भिंतीवरच्या घड्याळातले सव्वासात.

मंगळवार-गुरुवार पहाटे पस्तीस मिनिटे धावणे. बुधवार-शनिवार पाऊण तास पोहणे. रविवारी दीड तास सायकल आणि उतरल्या उतरल्या पंधरा मिनिटे धावणे. झाला आठवडा. शिवाय महाविद्यालयात मी सहा किलोमीटर सायकलने येते आणि सायकलनेच परत जाते. हा सराव घराकडून एक मिनिटही मागत नाही, म्हणून मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. एरवी ते अंतर मी रिक्षातच घालवले असते.

पोहण्याच्या बाबतीत एक तक्रार नोंदवते. मी जाते त्या तलावावर स्त्रियांसाठी राखीव तास आहे दुपारी तीन ते चार, म्हणजे नोकरी करणारी बाई हमखास कामावर असेल तेव्हा. मग पहाटेच्या सर्वांसाठीच्या वेळेत जाणे आले, आणि पोशाखाचा प्रश्न आला. अंगभर पोशाख मिळतो, तो मी घेतला. घरी तो दोरीवर वाळत पडला तेव्हा सासूबाई बराच वेळ पाहत राहिल्या. आता बोलणी बसणार असे वाटले. त्या म्हणाल्या, “आम्ही माहेरच्या विहिरीत काष्टा मारून सूर मारायचो. पाठीला भोपळा बांधून शिकले मी.” मग जरा थांबून म्हणाल्या, “दम लागतो म्हणतेस ना? मग पाण्यात श्वास सोडत नसशील.”

वाचकहो, फ्रीस्टाईलचे सारे शास्त्र या वाक्यात आहे. नवशिक्याला वाटते की आपल्याला हवा कमी पडते. वस्तुतः तोंड पाण्यात असताना तो श्वास रोखून धरतो. मान वळवली की आधी सोडायचे आणि मग घ्यायचे, एवढ्याला क्षण पुरत नाही. पाण्यात नाकातोंडाने सतत बुडबुडे सोडत राहिले तर वर येताच फक्त घ्यायचे उरते. शर्यत बहुधा तळ्यात किंवा समुद्रात असते. तिथे तळाला रेघ नसते. म्हणून दर आठ-दहा हातांनी डोळे मगरीसारखे पाण्याबाहेर काढून पुढचा रंगीत बोया पाहावा लागतो. नाहीतर ७५० मीटरचे ९०० व्हायला वेळ लागत नाही.

पाण्याबाहेर आल्यावर आपल्या सायकलीपर्यंत पळत जायचे. या जागेला ट्रान्झिशन म्हणतात. मी तिला ‘वेशांतरगृह’ म्हणते. इथला एक नियम फार कडक आहे : हेल्मेट डोक्यावर घालून पट्टा लावल्याशिवाय सायकल जागेवरून हलवायची नाही. दुसरा नियम रस्त्यावरचा. हौशी स्पर्धकांनी पुढच्या सायकलीच्या मागे चिकटून जायचे नसते, कारण पुढचा वारा कापतो आणि मागच्याला फुकटची विश्रांती मिळते. आणि तिसरा : प्रेक्षकांकडून कोणतीही मदत घ्यायची नाही. नवऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली तरी हात आखडता घ्यायचा. नियमपुस्तिकेत हे वाचून मला हसू आले. आरंभरेषेवर येऊन उभे राहीपर्यंत मी दुसरे काय घेतले होते?

ऑक्टोबरातली एक सकाळ सांगते. यजमानांची पहिली पाळी होती. मी सायकलवर घरापासून नऊ किलोमीटरवर असताना मागचा टायर उभा फाटला. जादा ट्यूब जवळ होती, पण फाटल्या टायरात ट्यूब काय करणार? सात वाजायला दहा कमी, रस्त्यावर वाहन नाही. घरी फोन केला. मुलीने रोज पाहिले होते, तरी सुई हातात धरलेली नव्हती. तिने वहीतला आकडा वाचून दाखवला, मी तो पुन्हा म्हणायला लावला. तिने औषध मोजून घेतले, आजीने जागा दाखवली, आणि साडेसातला सुई दिली गेली. उपमाही तिनेच केला. मी दुधाच्या टेम्पोतून सायकलीसह सव्वाआठला घरी पोचले. सासूबाई खुर्चीत बसून नातीचे कौतुक सांगत होत्या आणि नात दप्तर भरत होती. तिची पहिली तासिका बुडाली होती.

रात्री यजमान म्हणाले, “खेळू नको असे मी म्हणत नाही. पण दहावीच्या पोरीवर ही जबाबदारी पुन्हा पडता कामा नये.” त्यावर वाद घालण्यासारखे काही नव्हते. तेव्हापासून ठरले आहे : ते घरी असतील तेव्हाच लांब सायकल; पहिल्या पाळीच्या आठवड्यात घराभोवतीच्या दोन किलोमीटरांच्या फेऱ्या. गल्लीतली कुत्री आता मला ओळखतात.

सायकलवरून उतरून धावू लागणे हा या खेळातला खरा नवा अनुभव. पाऊण-एक तास वाकून पायडल मारलेले पाय सरळ धावायला तयार नसतात. मांड्या कोणा परक्याच्या उसन्या आणल्यासारख्या वाटतात. याला उपाय एकच, सरावातही सायकलीनंतर लगेच थोडे धावणे. याला ‘ब्रिक’ म्हणतात. शर्यतीत पहिला किलोमीटर मुद्दाम सावकाश काढावा; दुसऱ्यात पाय पुन्हा आपले होतात.

माझा हिशेब असा झाला : पोहणे २४ मिनिटे, वेशांतर ४, सायकल ५२, पुन्हा वेशांतर २, धावणे ३६. एकूण १ तास ५८ मिनिटे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वित्झर्लंडच्या निकोला स्पिरिग हिने जवळपास एवढ्याच वेळात दुप्पट अंतर तोडले. तिची आणि स्वीडनच्या लिसा नॉर्डेनची वेळ एकच, १ तास ५९ मिनिटे ४८ सेकंद. निकाल छायाचित्र पाहून लावावा लागला आणि सुवर्ण स्पिरिगला मिळाले. २०१३ मध्ये तिला मुलगा झाला, २०१६ मध्ये रिओला तिने रौप्यपदक घेतले, आणि २०२१ मध्ये टोकियोला तीन मुलांची आई म्हणून उतरून ती सहावी आली. मला त्या सुवर्णापेक्षा हा सहावा क्रमांक मोठा वाटतो. क्रीडाशिक्षक सरांना हे पटत नाही. आमचा वाद अजून चालू आहे.

तृतीय वर्षाच्या चार मुली आता येऊ म्हणतात. तिघींना पोहता येत नाही आणि चौथीकडे सायकल नाही. राखीव तास सकाळी सहाला करावा असा अर्ज आम्ही पाच जणींच्या सह्यांनी तलावाच्या कार्यालयात दिला आहे. उत्तर यायचे आहे. यंदाची शर्यत पुन्हा डिसेंबरात आहे. सासूबाईंचे डोळ्याचे ऑपरेशन नोव्हेंबरात ठरते आहे, त्यामुळे मी अजून नाव घातलेले नाही.