मॉटिसफॉन्टच्या जुन्या गुलाबांचा गुच्छ

इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यात, टेस्ट नदीच्या काठी, मॉटिसफॉन्ट नावाचा पुरातन वाडा आहे. १२०१ साली तेथे ख्रिस्ती मठ स्थापन झाला; सोळाव्या शतकात मठ मोडल्यावर त्याच वास्तूचे सरदारी निवासात रूपांतर झाले. १९५७ साली ही मिळकत नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आली. वाड्याचा तटबंद भाजीमळा १९७२ च्या सुमारास जुन्या गुलाबांस देण्यात आला. उद्यानतज्ज्ञ ग्रॅहॅम स्टुअर्ट टॉमस यांनी स्वतः जमविलेला संग्रह तेथे लावला.

याची निकड होती. पुनःपुन्हा फुलणाऱ्या संकरित गुलाबांपुढे जुने वाण मागे पडले होते. गुलाबाचा वाण बियांनी जसाच्या तसा टिकत नाही. डोळा भरून किंवा फांदी लावून तो राखावा लागतो. गिऱ्हाईक नसलेल्या वाणावर रोपवाटिकेतील माणूस श्रम का खर्चील? पुनःपुन्हा फुलण्याचा गुण युरोपास मुख्यतः चिनी गुलाबांपासून मिळाला. त्यांतील काही रोपे कलकत्त्याच्या वाटेने गेल्यामुळे फ्रान्समध्ये त्यांस बंगालचे गुलाब म्हणत.

या बागेवरून बांधावयाच्या गुच्छात मखमली, गर्द किरमिजी 'टस्कनी', पट्ट्यापट्ट्यांचा 'रोझा मुंडी' व १८३२ सालचा शुभ्र 'मादाम आर्दी' हे गुलाब शोभतात. मॉटिसफॉन्टला गुलाबांच्या सोबतीस पांढऱ्या फॉक्सग्लोव्हचे उंच तुरे लावलेले असतात. गुच्छातही एकदोन तुरे उंचीस घ्यावे. मात्र ही वनस्पती विषारी आहे. हात धुवावे व तिचे पाणी मुलाबाळांच्या हाती लागू देऊ नये. गुच्छास केवळ उंची फुलेच हवीत असे नाही. पुष्परचनाकार कॉन्स्टन्स स्प्राय (१८८६–१९६०) कोबीवर्गातील केल या भाजीची पानेही फुलदाणीत योजीत. त्याही जुन्या गुलाबांच्या संग्राहक होत्या, आणि १९६१ साली त्यांच्या नावाने निघालेला गुलाबी वाण या बागेत आहे.

खरी अडचण फुलांच्या अल्पायुष्याची आहे. घट्ट कळी तोडली तर ती उमलत नाही. पूर्ण उमललेले फूल दुसऱ्या दिवशी पाकळ्या टाकते. म्हणून ऊन चढण्यापूर्वी, बाहेरच्या पाकळ्या नुकत्या सुटलेली फुले धारदार कात्रीने तिरपी छेद देऊन कापावी व तत्काळ पाण्यात ठेवावी. काही तास थंड, अंधाऱ्या खोलीत पाणी पिऊ द्यावे आणि मगच गुच्छ बांधावा. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावी, देठ एकाच बाजूस कलते ठेवीत बांधावे, पाणी रोज बदलावे.

यांपैकी बहुतेक वाण वर्षातून एकदाच, जूनच्या सुमारास, गतवर्षीच्या फांद्यांवर फुलतात. त्यांची छाटणी बहार सरल्यावर करावी. हिवाळ्यात सरसकट छाटणारा माळी पुढचा बहारच छाटून टाकतो. या गुलाबांस कडक थंडी मानवते. दख्खनच्या बागाईतदाराने त्यांच्या मागे न लागता परसातील सुवासिक देशी गुलाब घ्यावा. तोडणीची वेळ आणि पाणी पाजण्याची रीत त्यासही तीच.