शपथेवरची साक्ष आणि माणसाची निष्ठा

आपल्या जालन्याच्या मामा चौकातून रोज हजारो माणसे ये-जा करतात. हुतात्मा जनार्दनमामा नागापूरकर यांच्या नावाचा हा चौक. ज्याने प्राण वेचले त्याची निष्ठा कोणी कागदावर सिद्ध करून मागत नाही. प्रश्न येतो तो मागे राहिलेल्यांचा. निजामाविरुद्धच्या लढ्यात गावातला अमुक एक माणूस कोणत्या बाजूला उभा होता, हे चाळीस-पन्नास वर्षांनी कोणी व कसे ठरवावे?

लढ्याची हकीकत आपणांस ठाऊक आहे. स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्येच बंदी आली. १९४७ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली शेवटचे पर्व सुरू झाले. कोणी तुरुंगात गेले, कोणी भूमिगत झाले, कोणी सरहद्दीवरच्या शिबिरांत दाखल झाले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १५ तारखेला जालना ताब्यात आले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. लढा संपला, पण त्याचा हिशेब पुढे पन्नास वर्षे चालू राहिला.

१९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आणली आणि १९८० मध्ये ती व्यापक केली. सर्वसाधारण अट सहा महिन्यांच्या कारावासाची. तुरुंगाचा दाखला असेल तर प्रश्न मिटला. पण दप्तर जळाले, हरवले वा सापडत नसले तर? तेव्हा सहबंदीची साक्ष चाले. मात्र ज्याचा स्वतःचा कारावास कागदाने सिद्ध झाला आहे, अशाच माणसाच्या शब्दाला वजन. भूमिगतांचे काम त्याहून कठीण. पकड वॉरंट, बक्षीस किंवा फरारीचा जाहीरनामा दाखवावा लागे. म्हणजे ज्याचा सुगावा पोलिसांना लागलाच नाही, त्याचे काम जितके चोख तितका त्याचा पुरावा कमी!

आम्ही युनियनच्या कामात उमेदवारी करीत होतो तेव्हाची, १९९५ च्या सुमाराची गोष्ट. मोंढ्यातले एक वृद्ध हमाल अर्ज लिहून घ्यायला आमच्याकडे आले. लढ्याच्या दिवसांत ते धान्याच्या पोत्यांतून पत्रके पोचवीत. आम्ही विचारले, "बाबा, साक्षीदार कोण?" ते म्हणाले, "ज्यानं पोतं दिलं तो वारला. ज्यानं घेतलं त्याचं नाव मला कधी सांगितलंच नाही." प्रतिज्ञापत्र केले, अंगठा उठवला. "पुरावा अपुरा" असा शेरा मारून कचेरीने ते परत पाठविले. हजेरीपटावर नाव नसलेल्या कामगाराचे जे होते, तेच इथे झाले. काम केलेले खरे, पण नोंद मालकाच्या वहीत!

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शेजारच्या बीड जिल्ह्यात खोट्या स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण इतके वाढले की ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००५ साली त्याचा निकाल लागला. शपथेला पैसा चिकटला की काही जीभा सैल होतात. त्याचा जाच सोसावा लागतो खऱ्या माणसालाच. लबाडाला कागद मिळतो, आणि त्याच्यामुळे कचेरी कडक झाली की खऱ्याचा अर्ज फेटाळला जातो.

हे दुखणे केवळ आपले नव्हे. आयर्लंडमध्ये १९१६ च्या ईस्टरच्या उठावानंतर इंग्रजांशी स्वातंत्र्ययुद्ध झाले. पुढे १९२४ व १९३४ च्या कायद्यांनी सैनिकांना निवृत्तिवेतन देण्याचे ठरले. अर्जदाराला शपथेवर बसवून विचारीत : कोणत्या तुकडीत होता, कोणाच्या हुकुमाखाली, त्या दिवशी नेमके काय केले? जुन्या तुकड्यांच्या समित्यांकडून सभासदांच्या याद्या मागविल्या. सुमारे ८२,००० अर्ज आले, त्यांतले सोळा हजारांच्या आतच मान्य झाले. मार्गारेट स्किनिडर ही बाई उठावात गोळ्या लागून जखमी झाली होती. पण कायद्यातला "सैनिक" म्हणजे पुरुष, असा अर्थ लावून १९२५ मध्ये तिला नकार मिळाला. निवृत्तिवेतन मिळाले ते १९३८ साली. आपल्याकडे भाकरी आणि निरोप पोचविणाऱ्या बायांची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही.

त्याच देशाने आणखी एक गोष्ट केली. १९४७ ते १९५७ या दहा वर्षांत एका सरकारी कचेरीने १,७७३ साक्षी लिहून घेतल्या. त्यांवर पैसा मिळणार नव्हता. त्या कुलूपबंद ठेवल्या आणि २००३ साली लोकांना खुल्या केल्या. साक्षीला लाभाचा मोह नाही आणि शेजाऱ्याचे भयही नाही, अशी ती सोय होती.

मग साक्ष जोखावी कशी? सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गुरदयालसिंग यांच्या खटल्यात वाट दाखविली. हा फौजदारी खटला नव्हे. संशयाला तिळभर जागा नको असा पुरावा इथे मागू नये, संभव कोणत्या बाजूला अधिक आहे ते पाहावे. यात आमच्या अनुभवाची थोडी भर घालतो. साक्षीदार स्वतः तिथे होता काय, त्याचे तेव्हाचे वय काय, तो तपशील सांगतो की ठोकळेबाज मजकूर, आणि एकच माणूस शेकडोंसाठी सह्या करतो काय, एवढे विचारले तरी बरेचसे खोटे गळून पडते. उलट खऱ्या माणसाच्या सांगण्यात लहानसहान चुका असतात, म्हणून तो खोटा ठरत नाही. ज्यांच्यावर रझाकारांना सामील असल्याचा ठपका आला, त्यांच्याबाबतही हाच न्याय हवा. ऐकीव गोष्टीवर कोणाला देशभक्त करू नये, तसेच कोणाला देशद्रोहीही करू नये.

१९४८ साली जो पंधरा वर्षांचा होता तो आज नव्वदीच्या पुढे गेला आहे. अर्जांचे दिवस सरले, साक्षीचे अजून थोडे उरले आहेत. आपल्या आळीत असे कोणी वृद्ध असतील तर त्यांच्याजवळ जाऊन बसा; काय पाहिले आणि काय केवळ ऐकले, हे वेगवेगळे विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. आमच्या त्या हमालाची साक्ष आम्ही आज लिहिली, ती तीस वर्षे उशिरा.