नऊ मिनिटांपासून छत्तीस मिनिटांपर्यंत

हरियाणातील कर्नालचा मुष्टियोद्धा निशांत देव २५ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतील लास व्हेगास येथे आपली पहिली व्यावसायिक लढत खेळला आणि ती पहिल्याच फेरीत जिंकला. तेव्हा तो २४ वर्षांचा होता. २०२३ साली ताश्कंदच्या जागतिक स्पर्धेत त्याला कांस्यपदक मिळाले होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मात्र ७१ किलो वजनगटात तो उपान्त्यपूर्व फेरीत हरला आणि एका विजयाने पदक हुकले. त्याच्याआधी या वाटेने गेलेला आपल्या ओळखीचा खेळाडू म्हणजे विजेंदर सिंग. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा विजेंदर ऑक्टोबर २०१५ मध्ये मँचेस्टर येथे व्यावसायिक आखाड्यात उतरला.

अशी बातमी आली की खेळणारी मुले शिक्षकांना विचारतात, ‘‘सर, हौशी आणि व्यावसायिक यांत पैशाखेरीज काय फरक असतो?’’ पैशाचा फरक तर आहेच. पण विज्ञान शिकवणाऱ्यांनी या प्रश्नाकडे आणखी एका बाजूने पाहायला हवे. खेळ तोच, ठोसे तेच; बदलतो तो मुख्यतः काळ. आणि काळ बदलला की शरीराचे सारे गणित बदलते.

इंधनाचा हिशेब

ऑलिंपिक पद्धतीच्या लढतीत ३ मिनिटांच्या ३ फेऱ्या असतात, म्हणजे प्रत्यक्ष झुंज ९ मिनिटांची. व्यावसायिक क्षेत्रात नवख्याची लढत साधारणपणे ४ ते ६ फेऱ्यांची असते आणि जागतिक विजेतेपदाची १२ फेऱ्यांची. म्हणजे ३६ मिनिटे झुंज आणि मधली ११ मिनिटे विश्रांती. आपल्या बीडचा अविनाश साबळे ३००० मीटर अडथळ्यांची शर्यत सव्वाआठ मिनिटांच्या आत धावला आहे. हौशी लढतीचा काळ जवळपास तेवढाच. त्याच धावपटूला उद्यापासून त्याच्या चौपट वेळ धावायला सांगितले, तर त्याला वेग, श्वास आणि सराव, सर्वच नव्याने बसवावे लागेल. मुष्टियोद्ध्याचेही तसेच होते.

स्नायूंना ऊर्जा तीन वाटांनी मिळते. पहिली वाट क्रिएटिन फॉस्फेटची. हा साठा तयारच असतो, पण जोराच्या हालचालीत तो दहाएक सेकंदांत संपत येतो. दुसऱ्या वाटेत ग्लायकोजेनचे ऑक्सिजनविना विघटन होते. ऊर्जा झपाट्याने मिळते, पण स्नायूंतील आम्लता वाढते आणि हात जड होतात. तिसरी वाट ऑक्सिजनच्या साहाय्याने इंधन जाळण्याची. ती संथ, पण दीर्घकाळ चालणारी. ठोशांची सरबत्ती पहिल्या दोन वाटांवर चालते, तर रिकामा झालेला साठा दोन फेऱ्यांमधल्या मिनिटभरात भरून काढण्याचे काम तिसरी वाट करते.

नऊ मिनिटांत सगळे उधळून टाकले तरी चालते, म्हणून हौशी मुष्टियोद्धा पहिल्या घंटेपासून भराभर ठोसे मारतो. दहा-बारा फेऱ्या खेळायच्या असतील तर हाच स्वभाव घातक ठरतो. तिथे जपून खर्च करावा लागतो. बरगड्यांखाली ठोसे मारून प्रतिस्पर्ध्याला हळूहळू थकवणे हीदेखील इथली एक मुख्य विद्या. म्हणूनच फेऱ्या पायरीपायरीने वाढवतात. विजेंदरची पहिली लढत ४ फेऱ्यांची ठरली होती. जुलै २०१६ मध्ये दिल्लीत केरी होप याच्याविरुद्ध तो पूर्ण १० फेऱ्या खेळला आणि जिंकला.

वजनकाट्यावरचा घाम

दुसरा फरक वजन करण्याच्या वेळेचा. हौशी स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळी वजन होते आणि स्पर्धा चालू असेपर्यंत ते राखावे लागते. व्यावसायिक लढतीत वजन बहुधा आदल्या दिवशी होते. त्यामुळे पाणी तोडून आणि घाम गाळून काही किलो उतरवायचे, काट्यावर उभे राहायचे आणि नंतरच्या २४ तासांत ते पुन्हा भरून काढायचे, ही रीत पडली. पाणी घटले की रक्ताचे आकारमान कमी होते, हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात आणि शरीराला उष्णता बाहेर टाकणे अवघड जाते. पाणी पुन्हा प्यायल्याने काट्यावरचा आकडा लवकर वाढतो. शरीराचे सारे व्यवहार तितक्या लवकर पूर्ववत होतीलच असे नाही.

अंड्याचा प्रयोग

आता सर्वांत महत्त्वाच्या अवयवाकडे वळू. पुढील प्रयोग वर्गात सहज करता येतो. एक कच्चे आणि एक उकडलेले अंडे घ्या. दोन्ही ताटलीत गरगर फिरवा, क्षणभर बोटाने थांबवा आणि लगेच बोट उचला. उकडलेले अंडे थांबून राहील. कच्चे अंडे मात्र पुन्हा फिरू लागेल. कवच थांबले, तरी आतला बलक जडत्वामुळे फिरतच होता.

मेंदू काही अंड्यासारखा पातळ नसतो. पण तो मऊ आहे, कवटीला घट्ट चिकटलेला नाही आणि त्याच्याभोवती द्रव आहे. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोके झटक्याने वळते. कवटी आधी वळते, मेंदू मागे राहतो, मग ओढला जातो. या ओढाताणीत मेंदूतील तंतूंना ताण बसतो. कधी मेंदूच्या पृष्ठभागापासून निघणाऱ्या शिरा तुटतात आणि कवटीच्या आत रक्त साचते.

आता मुलांना विचारा : अंड्यावर कापसाचा थर चिकटवला, तर आतला बलक फिरायचा थांबेल का? शिरस्त्राणाच्या मर्यादेचे उत्तर यातच आहे. मऊ थरामुळे आघाताचा काळ थोडा वाढतो, त्वचा फाटणे आणि भुवई कापणे यांना आळा बसतो. पण डोके वळायचे थांबत नाही. ऑलिंपिकमध्ये १९८४ पासून शिरस्त्राण सक्तीचे होते. वरिष्ठ पुरुषांसाठी २०१३ मध्ये ते काढले गेले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याविना खेळले. या निर्णयाबद्दल मतभेद आहेत. पण शिरस्त्राण घातले म्हणजे मेंदू सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे, हे आपण मुलांना सांगायलाच हवे.

हातमोज्यांचेही असेच. व्यावसायिक लढतीत हलक्या गटांना ८ औंसांचे, म्हणजे सुमारे २२७ ग्रॅमचे, आणि जड गटांना १० औंसांचे मोजे असतात. हौशी लढतीत ते १० किंवा १२ औंसांचे असतात. जाड मोजा प्रथम वाचवतो तो मारणाऱ्याच्या मुठीची हाडे.

लढत कोणी थांबवायची?

वारंवार मार खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांच्या चालण्या-बोलण्यात येणाऱ्या बिघाडाचे वर्णन हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी डॉक्टरांनी १९२८ मध्येच केले होते. एका जबर ठोशाइतकीच, वर्षानुवर्षे डोक्यावर बसणाऱ्या लहान ठोशांची बेरीज महत्त्वाची असते. त्या बेरजेत सरावातले ठोसेही धरावे लागतात. फेऱ्या वाढल्या की ही बेरीज वाढते. शिवाय थकलेल्या माणसाची मान सैल पडते आणि हात खाली येतात.

नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगास येथे दक्षिण कोरियाचा किम डुक-कू हा रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांतच मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावला. त्या वेळी विजेतेपदाच्या लढती १५ फेऱ्यांच्या असत. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने त्या १२ वर आणल्या आणि पुढे इतर संस्थांनीही तेच केले. ३ फेऱ्या कमी करण्यासाठी एका तरुणाचा जीव जावा लागला.

म्हणून पंचांनी लढत वेळीच थांबवणे ही खेळाडूची नामुष्की मानू नये. मार्च २०२१ मध्ये पणजी येथे विजेंदरची रशियाच्या आर्तिश लोप्सानविरुद्धची लढत पाचव्या फेरीत थांबवली गेली. व्यावसायिक क्षेत्रातील त्याचा तो पहिला पराभव. पुढच्या वर्षी रायपूरला तो पुन्हा खेळला आणि जिंकला. वेळेवर थांबलेला खेळाडू पुन्हा उभा राहू शकतो.

आपल्या शाळेतला एखादा विद्यार्थी उद्या या वाटेने जाऊ म्हणेल. त्याला नाउमेद करण्याचे कारण नाही. मानधनाचा आकडा त्याला कोणीतरी सांगेलच. आपण त्याला पुढील प्रश्न विचारायला शिकवू : पहिल्या वर्षी किती फेऱ्या खेळायच्या? सरावात डोक्यावर किती मार घ्यायचा? वजन किती दिवसांत उतरवायचे? मेंदूची तपासणी केव्हा आणि कोण करणार? आणि आपल्या कोपऱ्यात उभा राहणारा माणूस, आपण नको म्हणत असतानाही, टॉवेल टाकेल का? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच त्याने करारावर सही करावी.