‘लगभग’चे मराठी

भेस्तानमध्ये मी मराठी शिकवतो. वर्गातील अनेक मुलांची कुटुंबे खानदेशातून सुरतेला आलेली. वडील लूमवर कामाला, घरात अहिराणी किंवा मराठी, रस्त्यावर गुजराती. एका मुलीने कारखान्यातून आलेला गुजराती निरोप आईला वाचून दाखवला : ‘पगार लगभग शनिवारे थशे.’ तिने अर्थ सांगितला, ‘पगार शनिवारी होईल.’ आईने वाण्याला शनिवारचा वायदा केला. पगार झाला मंगळवारी. चार माणसांत बोलणी मात्र आईला खावी लागली.

मुलीने ‘लगभग’ गाळला होता. का, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘मराठीत लगबग म्हणजे घाई. ते इथे बसेना.’

गुजरातीतील ‘लगभग’ तीन कामे करतो. ‘लगभग पचास माणस’ म्हणजे सुमारे पन्नास माणसे. ‘टांकी लगभग भराई गई छे’ म्हणजे टाकी जवळजवळ भरली आहे. ‘ए लगभग काले आवशे’ म्हणजे तो बहुतेक उद्या येईल. संख्येचा अंदाज, पूर्णत्वाला थोडे कमी आणि शक्यता या तिन्हींसाठी मराठीत सहसा वेगळे शब्द येतात. मात्र आपला ‘बहुतेक’ही दुहेरी आहे : ‘बहुतेक मुले आली’ यात तो संख्या सांगतो, ‘मुले बहुतेक येतील’ यात शक्यता.

काही ठिकाणी दोन्ही भाषा जुळतात. आपले ‘पन्नासेक’ तेच त्यांचे ‘पचासेक’. क्रियापदात मात्र जपावे लागते. दाराशी चपला दिसल्या की आपण म्हणतो, ‘आई आली असावी.’ नुसता तर्क असेल तर ‘आली असेल’. गुजरातीत दुसऱ्यासाठी ‘आवी हशे’, पहिल्यासाठी ‘आवी होवी जोईए’. याचे शब्दशः ‘आली असायला हवी’ केले, तर मराठीत अपेक्षेचा, कधी तक्रारीचा सूर लागतो.

म्हणून भाषांतर करून घेताना मी आता शब्दार्थाआधी विचारतो, ‘बोलणाऱ्याला किती खात्री आहे?’ थोडीच असेल तर ‘कदाचित’, बरीच असेल तर ‘बहुधा’ किंवा ‘बहुतेक’, पुरावा दिसत असेल तर ‘असावा’. असे शब्द मोघम वाटतात, पण खात्री किती हे तेच सांगतात. त्या मुलीने वहीत वाक्य पुन्हा लिहिले : ‘पगार बहुतेक शनिवारी होईल.’ मग म्हणाली, ‘असं सांगितलं असतं, तर आईने वायदा केला नसता.’